सहा कोटी डॉलरचा क्वार्टरबॅक: लायकी किती, नड किती

२०२४ च्या भोगीला मी अमेरिकेत ताईकडे होतो. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे, आपल्या वाकड-हिंजवडीसारखं बघता बघता वाढलेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी (ओला हरभरा फ्रीझरमधला, पण तक्रार नाही) आणि टीव्हीवर डॅलस काउबॉइज विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. अमेरिकन फुटबॉलचा, बाद फेरीचा सामना. भाच्याच्या अंगात चार नंबरची जर्सी, म्हणजे क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटची. त्या हंगामात काउबॉइज घरच्या मैदानावर एकदाही हरले नव्हते.

दुपारचं जेवण लांबलं होतं. ते आटोपेपर्यंत सामनाही आटोपल्यात जमा होता. मध्यंतराच्या आधीच ग्रीन बे २७-० ने पुढे. प्रेस्कॉटचे दोन पास समोरच्यांनी पकडले, त्यातला एक घेऊन त्यांचा गडी थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. शेवटी ४८-३२.

"आणि या माणसाला करार वाढवून द्यायचा म्हणतात!" दाजींनी ताट बाजूला सरकवलं.

"बाबा, यंदा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त टचडाउन पास यानेच टाकलेत," भाचा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मामा, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार! दोघंही खरंच बोलत होते. आठ महिन्यांनी, ८ सप्टेंबर २०२४ ला, नव्या हंगामातल्या पहिल्या सामन्याला काही तास उरले असताना काउबॉइजनी प्रेस्कॉटला चार वर्षांची वाढ दिली: २४ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सहा कोटी. तोवर एवढा वार्षिक दर एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या या फुटबॉल लीगमध्ये, कुणालाच मिळाला नव्हता. रुपयांत मोजलं तर त्या वेळच्या दराने सुमारे २००० कोटी. गंमत म्हणजे मालक जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये हा संघ घेतला, तो १४ कोटी डॉलरना. दाजींनी व्हॉट्सॲपवर मला नुसते जोडलेले हात पाठवले.

असा वाद अमेरिकेत दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या संघाच्या चाहत्यांत पेटतो. वरवर तो एका खेळाडूच्या लायकीचा वाटतो. आतून तो हिशेबाचा आहे, आणि हिशेब कळला की लायकी हा शब्द बराच मागे पडतो.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमकं कोण

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी आणि हाताचं जास्त. अकरा जणांचा संघ चेंडू घेऊन पुढे सरकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकली तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन.

यातला जवळजवळ प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात आणि तीनेक सेकंदांत याने ठरवायचं असतं की फेकायचा, कुणाकडे फेकायचा, की स्वतःच पळायचं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक चेंडूला स्ट्राइकवर हाच. दुसऱ्या टोकाला उभं राहून दम खायची सोय नाही. बाकीचे दहा जण कितीही चांगले असले तरी हा फसला की डाव फसला. असं काम नीट करू शकणारी माणसं जगात थोडी आहेत आणि संघ ३२. पहिली अडचण इथेच आहे.

एक पर्स आणि ५३ तोंडं

मालक गडगंज आहेत, मग द्यायला काय हरकत? हरकत ही की मालकाला हवे तेवढे पैसे देताच येत नाहीत. खेळाडूंच्या पगारावर दरवर्षी एक मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. लीगच्या एकूण उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, त्यावरून ही रक्कम ठरते आणि सगळ्या संघांना ती सारखीच. १९९४ मध्ये कॅप पहिल्यांदा आली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ ला २५ कोटी ५४ लाख, २०२५ ला २७ कोटी ९२ लाख.

आपल्याला हे आयपीएलमुळे समजायला सोपं. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती आणि लखनौने एकट्या ऋषभ पंतला २७ कोटी दिले, म्हणजे पर्सचे साडेबावीस टक्के. प्रेस्कॉटचे वर्षाचे सहा कोटी २०२४ च्या कॅपच्या साडेतेवीस टक्के होतात. जवळपास तेच प्रमाण. पण आयपीएलच्या संघात फार तर २५ जण असतात, इथे ५३. एकाने पाव भाकरी उचलली की उरलेल्या पाऊण भाकरीत बावन्न जणांचं भागवायचं.

म्हणून क्वार्टरबॅकच्या पगारावर चाहते एवढे चिडतात. खिसा मालकाचा असला तरी त्या पैशातून येऊ शकला असता तो बचावपटू आपला असतो.

उचल, आणि सोसायटीच्या रंगकामाचा हिशेब

इथून पुढे जरा सावकाश वाचा, कारण वाद घालणारे निम्मे लोक इथेच घसरतात.

करारातला मोठा हिस्सा सही करतानाच रोख मिळतो. त्याला साइनिंग बोनस म्हणतात, आपण उचल म्हणू. प्रेस्कॉटला ८ कोटी डॉलरची उचल मिळाली. मग ते आठ कोटी त्याच वर्षाच्या कॅपमध्ये मोजले का? नाही. उचल कागदावर जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटता येते. म्हणजे पैसे आज गेले, पण कॅपच्या वहीत दरवर्षी १ कोटी ६० लाखच लागले.

समजा तुमच्या सोसायटीने इमारतीला रंग दिला. तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला ६० हजार आले. कंत्राटदाराचं बिल सोसायटीने आपल्या ठेवीतून चुकतं केलं आणि तुम्हाला सांगितलं, महिन्याला हजार रुपये द्या, पाच वर्षं. छान, जाणवतही नाही. दोन वर्षांनी तुम्ही फ्लॅट विकायला काढलात. सेक्रेटरी म्हणतात, एनओसी हवी ना? मग उरलेले ३६ हजार आधी भरा.

एनएफएलमधले सेक्रेटरी असेच कडक आहेत. खेळाडूला मध्येच सोडलं की उचलेचे न फिटलेले हप्ते एकदम कॅपवर येऊन पडतात. खेळाडू दुसरीकडे खेळतोय, पर्स मात्र तुमची अडकली आहे. याला डेड मनी म्हणतात. डेन्व्हरने २०२२ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला भलामोठा करार वाढवून दिला, दोनच हंगाम ठेवला आणि २०२४ च्या मार्चमध्ये सोडला. दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी अंगावर आला.

आणखी एक भानगड म्हणजे हमीची. मथळ्यात येतो तो आकडा सगळाच खेळाडूला मिळेल असं नसतं. एनएफएलमध्ये बहुतेक करारांचा एक भागच हमीचा असतो, बाकीचा संघाने ठेवलं तर मिळणार. त्यामुळे कराराची बातमी वाचताना एकूण रकमेकडे कमी आणि हमीच्या रकमेकडे जास्त बघावं. प्रेस्कॉटच्या २४ कोटींपैकी २३ कोटी १० लाख हमीचे होते. एवढी हमी जवळजवळ कुणाला मिळत नाही. त्याला का मिळाली, तिथे येतोच.

स्वस्तातली चार वर्षं

कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. संघ आळीपाळीने निवड करतात, आधीच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला संघ सहसा पहिला. निवडलेल्या पोराचा पहिला करार चार वर्षांचा असतो, पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून ठरतो आणि तीन हंगाम होईपर्यंत वाढीची बोलणीसुद्धा करता येत नाहीत.

त्यामुळे लॉटरी लागू शकते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने अगदी शेवटची, २६२ वी निवड म्हणून ब्रॉक पर्डीला घेतलं. २०२३ मध्ये त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर, कॅपच्या अर्धा टक्काही नाही. एवढ्यात चांगला क्वार्टरबॅक मिळाल्यावर उरलेल्या पैशांत संघाने बाकी सगळीकडे तारे भरले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेपर्यंत झुंज दिली. २५-२२ ने हरले, पण झुंज दिली.

मे २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी मिळाले. ते येणार हे संघाला आधीच दिसत होतं. त्याच मार्चमध्ये पास झेलणाऱ्या डीबो सॅम्युअलला वॉशिंग्टनला देऊन टाकलं होतं, ड्रे ग्रीनलॉ आणि तलानोआ हुफांगा हे बचावपटू डेन्व्हरला गेले होते. घरातल्या एकाच्या मेडिकलच्या फीपायी बाकीच्यांच्या दिवाळीच्या कपड्यांना कात्री लागते, तसं.

मग डॅलसने एवढे दिले तरी का?

प्रेस्कॉटही असाच स्वस्तात आलेला. २०१६, चौथी फेरी, १३५ वी निवड, चार वर्षांचे मिळून सुमारे २७ लाख डॉलर. पहिल्याच हंगामापासून तो खेळत होता, पण चार वर्षं संपली तरी डॅलसशी बोलणी जमेनात. तेव्हा संघाने फ्रँचायझी टॅग वापरला. म्हणजे काय, तर खेळाडूला खुल्या बाजारात जाऊ न देता ठरीव मोठ्या पगारावर एक वर्ष अडवून ठेवायचं. २०२० साठी ती रक्कम ३ कोटी १४ लाख होती.

कोलकात्याने २०२४ ची आयपीएल जिंकून देणारा श्रेयस अय्यर ठेवला नाही, तो लिलावात गेला आणि पंजाबने त्याला २६.७५ कोटींना उचललं. बाजारानेच भाव सांगितला. एनएफएलमध्ये चांगला क्वार्टरबॅक असा बाजारात पोचतच नाही, तो टॅगपाशी अडतो. म्हणून त्याचा खरा भाव किती यावर चाहते वर्षानुवर्षं भांडू शकतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध प्रेस्कॉटचा उजवा घोटा मोडला. इतका विचित्र की टीव्हीवर बघवेना. बदली क्वार्टरबॅकांवर उरलेला हंगाम ढकलला, एकूण ६ सामने जिंकले, १० हरले. मला वाटतं, प्रेस्कॉटची सगळ्यात मोठी जाहिरात त्याने न खेळलेल्या त्या सामन्यांनी केली. मार्च २०२१ मध्ये चार वर्षांचे १६ कोटी मिळाले आणि सोबत दोन बारीक ओळी: संघ पुन्हा टॅग लावणार नाही आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देणार नाही.

त्या दोन ओळींनी २०२४ ची बाजी आधीच लावून ठेवली होती. करार संपत आला. टॅग नाही, अदलाबदल नाही. वर २०२१ ची उचल लांबवर पसरवायला कागदावर दोन जादा वर्षं जोडलेली होती, ज्यात तो खेळणार नव्हता. त्यामुळे तो निघून गेला असता तर २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरचा डेड मनी पडला असता. म्हणजे क्वार्टरबॅक नाही, आणि त्याच्या नावाचे चार कोटी मात्र पर्समधून गायब. उलट करार वाढवला तर त्या हंगामाचा कॅपवरचा भार कमी होत होता. अडला हरी म्हणतात तो हाच.

बरं, थांबण्याचीही किंमत मोजली. २०२४ च्या जूनमध्ये जॅक्सनव्हिलने आपला क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सला वर्षाला साडेपाच कोटींचा करार दिला. जुलैमध्ये तोच दर मिळाला जॉर्डन लव्हला, म्हणजे त्या भोगीला डॅलसला घरात येऊन हरवणाऱ्या ग्रीन बेच्या क्वार्टरबॅकला. सोन्याचा भाव चढत असताना मंगळसूत्र पुढच्या महिन्यात करू म्हणणाऱ्यासारखी जेरी जोन्स यांची गत झाली.

थोडक्यात दाजी विचारत होते, "याची सहा कोटींची लायकी आहे का?" आणि संघाला पडलेला प्रश्न होता, "हा गेला तर सप्टेंबरात मैदानात कोण?"

"पण वेळेला जिंकतो कुठे?"

आक्षेप खरा आहे. २०२१, २०२२, २०२३ अशी तीन वर्षं डॅलसने साखळीत १२ सामने जिंकले आणि ५ हरले. त्या भोगीनंतर बाद फेरीत प्रेस्कॉटचा हिशेब होता २ विजय, ५ पराभव. काउबॉइजनी शेवटचा सुपर बोल १९९६ च्या जानेवारीत जिंकला, भाच्याच्या जन्माच्या कितीतरी आधी.

पण सात सामने हा फार लहान नमुना आहे. त्यातच २०१७ ची ३४-३१ अशी शेवटच्या क्षणी हुकलेली लढत आहे आणि २०२३ च्या जानेवारीत दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या टॅम्पा बेला ३१-१४ ने धुतलं तो सामनाही. शिवाय ग्रीन बेने ४८ गुण केले ते काही प्रेस्कॉटच्या समोर उभे राहून नाही. क्वार्टरबॅक बचाव करत नाही. तरी पहिल्या अर्ध्यात त्याने खड्ड्यात ढकलल्यावर मग बाकीच्यांनी काय करायचं, हे दाजींचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

"नवा पोरगा आणा की!"

आणावा. फक्त २०२१ चा ड्राफ्ट आठवावा. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. २०२४ चा हंगाम सुरू होताना त्यातला एकच मूळ संघात उरला होता, लॉरेन्स. त्या पाचांतल्या ट्रे लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. तो जमला नाही, आणि शेवटून पहिला आलेला पर्डी जमला. लान्स पुढे कुठे गेला? डॅलसला, प्रेस्कॉटचा राखीव म्हणून.

याउलट डेन्व्हर. विल्सनचं एवढं ओझं डोक्यावर असताना त्यांनी २०२४ मध्ये बो निक्स हा नवखा पोरगा आणला आणि त्याच हंगामात बाद फेरी गाठली. म्हणजे चुकीच्या माणसाला सोडून देणं परवडतं, पोरगा बरा निघाला तर.

सगळ्यात महाग पडतो तो मधला माणूस, ना टाकाऊ ना थोर. न्यूयॉर्क जायंट्सनी डॅनियल जोन्सला मार्च २०२३ मध्ये एका चांगल्या हंगामाच्या जोरावर चार वर्षांचे १६ कोटी दिले. धावपटू सेक्वॉन बार्कलीला मात्र फक्त एका वर्षाच्या टॅगवर ठेवलं. बार्कली पुढच्या वर्षी शेजारच्या फिलाडेल्फियात गेला, एका हंगामात २००५ यार्ड धावला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. जोन्सला जायंट्सनी नोव्हेंबर २०२४ मध्येच सोडलं होतं. दोघांपैकी कुणाला धरून ठेवायचं, हे मी तरी सही करण्याआधी सांगू शकलो नसतो.

"ब्रेडीसारखे कमी का घेत नाही?"

टॉम ब्रेडी वर्षानुवर्षं बाजारभावापेक्षा कमी घेत राहिला आणि त्या पैशांत त्याच्याभोवती संघ उभा राहिला, हे खरं. पण त्याची तेव्हाची बायको जगातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या मॉडेलपैकी एक होती, हेही लक्षात घ्या. ज्याचा घोटा एकदा सगळ्या देशासमोर मोडलाय, त्याला "संघासाठी सोड थोडे" म्हणणं सोफ्यावरून सोपं आहे. शिवाय त्याने दर खाली आणला की पुढच्या क्वार्टरबॅकचा दरही खाली येतो, त्यामुळे खेळाडूंनाच ते रुचत नाही.

महाग क्वार्टरबॅक असला की जिंकता येत नाही, असंही नाही. पॅट्रिक माहोम्स या थोर क्वार्टरबॅकचा भार २०२२ मध्ये कॅपच्या सुमारे १७ टक्के होता आणि कॅन्सस सिटी विजेती ठरली. पण तो माहोम्स आहे. प्रत्येक संघ आपल्याला माहोम्स मिळालाय असं समजून सही करतो आणि बहुतेकांकडे प्रेस्कॉट असतो.

मग पुढे काय झालं

सहीच्या दिवशी डॅलसने क्लीव्हलंडला ३३-१७ ने हरवलं. नोव्हेंबरात अटलांटामध्ये प्रेस्कॉटच्या मांडीचा स्नायू फाटला, हंगाम संपला आणि संघाने ७ जिंकून १० हरले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर, डॅलसने आपला सगळ्यात धोकादायक बचावपटू मायका पार्सन्सला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्यालाही मोठा करार हवा होता. मालक आणि त्याचा एजंट यांचं फाटलं होतं, म्हणून सगळा दोष कॅपवर टाकता येणार नाही. पण पर्समध्ये आधीच कोण बसलंय हे दोघांनाही माहीत होतं. पार्सन्स गेला ग्रीन बेला. त्यांनी त्याला चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख दिले.

२८ सप्टेंबर २०२५ ला तो हिरव्या जर्सीत डॅलसमध्ये खेळायला आला. प्रेस्कॉट त्या रात्री सुरेख खेळला. शेवटच्या मिनिटापर्यंत सामना इकडून तिकडे. जादा वेळेत डॅलस टचडाउनच्या दाराशी पोचलं, प्रेस्कॉट स्वतः चेंडू घेऊन पळाला आणि मागून येऊन त्याला पार्सन्सनेच पाडला. टचडाउनच्या सहा गुणांऐवजी खांबांमधून किक मारून तीनावर भागवावं लागलं. ग्रीन बेने एक सेकंद उरला असताना बरोबरी केली. ४०-४०.

इथे सोमवारची सकाळ होती, मी डबा भरत होतो. भाच्याचा फोन आला. "मामा, टाय झाली! पण डॅकने चाळीस केले, बघितलंत?"

मागून दाजींचा आवाज: "त्याला म्हणावं, पाडला कुणी तेही सांग."